दंडावरची पाच बोटं

ताईंनी बालवर्गाचं दार लोटून घेतलं, तरी काचेतून व्हरांडा दिसतच होता. तिथे शाळेतल्या मदतनीस मावशी खाली बसून पिशवी भरत होत्या. डबा, चष्म्याचं घर, जुना स्वेटर. सोळा वर्षांची नोकरी एका पिशवीत मावत होती.

वर्गात मागच्या बाजूला मोठ्या बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चिमणीची आई. आज तिला वर्ग बघायचा होता. कालपासून तिचा शाळेवरचा विश्वास उडाला होता आणि तिने ते लपवलंही नव्हतं. लेकीच्या दंडावर पाच बोटं निळी उमटली होती. कुणी केलं, असं विचारल्यावर चार वर्षांच्या चिमणीने खरं तेच सांगितलं: मावशीने ओढलं. मावशींना विचारलं, तर त्या “हो, ओढलं” एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या. त्यांना कामावरून काढलं. आज त्यांचा शेवटचा दिवस होता.

“आज आपण एक नवा शब्द शिकायचा,” ताई म्हणाल्या. “कदर.”

“चादर?” पहिल्या रांगेतल्या प्रश्नोबाने विचारलं. वर्ग खिदळला.

“कदर. कुणी आपल्यासाठी काही केलं, तर ते आपल्याला कळायला हवं. आतून. त्याला म्हणायचं कदर.”

“म्हणजे थँक्यू.”

“थँक्यू नुसतं तोंडानेही म्हणता येतं. कदर म्हणजे…” ताई थांबल्या. घामाने खडू बोटांना चिकटत होता.

प्रश्नोबाने वाट पाहिली. मग म्हणाला, “आणि कळलं, पण सांगितलंच नाही तर?”

मोठ्या बाईंनी वहीतून मान वर केली.

ताईंनी खडू खाली ठेवला आणि मुलांसमोर जमिनीवर बसल्या. “एक गोष्ट सांगते. काल एका बाईंना फोन आला. वर्गात बोलायचं नसतं, म्हणून त्या फाटकाबाहेर गेल्या. परत आल्या, पण कडी लावायला विसरल्या.”

“बाप रे,” कुणीतरी म्हणालं.

“मग एक छोटी मुलगी हळूच बाहेर गेली. रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता. ती एवढीशी, ड्रायव्हरला दिसणार कशी? तेवढ्यात कुणीतरी धावत गेलं. हळू धरायला वेळच नव्हता. हाताला लागला तो दंड धरला आणि ओढलं.”

“ती मी!” चिमणी उभी राहिली. “गाडी पीप पीप करत होती.”

तिच्या आईचा हात तोंडावर गेला.

“मग त्या बाईंना सगळे रागावले?” प्रश्नोबाने विचारलं.

“नाही. जी धावत गेली, तिलाच रागावले.”

“असं कसं? त्या बाईंनी सांगायचं ना!” त्याचा आवाज चढला. “कोण होत्या त्या?”

“मी,” ताई म्हणाल्या.

चिमणीची आई उठली, ताईंकडे न बघता दार उघडून बाहेर गेली. मोठ्या बाईंनी वही मिटली. “मुलांना चित्रं काढायला द्या,” त्या म्हणाल्या, “मी इथे बसते. तुम्ही जरा बाहेर जाऊन या. मग ऑफिसात बोलू.”

ताई बाहेर आल्या तेव्हा आई मावशींजवळ उकिडवी बसून काहीतरी पुटपुटत होती. मावशी तिच्या पाठीवर थोपटत होत्या. ताईंना पाहून आई उठली आणि दूर भिंतीशी जाऊन डोळे पुसू लागली.

“कशाला सांगितलंत?” मावशी हळूच म्हणाल्या.

ताई बघतच राहिल्या. “तुम्हाला माहीत होतं?”

“फोन झाल्यावर तुम्ही रडत आत आलात, तेव्हाच म्हटलं, तुम्ही कडी लावायला विसरला असणार. म्हणून तर बघायला गेले. दोन पावलं उशीर झाला, एवढंच.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“माझं काय, आज ना उद्या घरीच बसायचं होतं. तुमची तर आत्ता कुठे सुरुवात.”

थोड्या वेळाने मोठ्या बाई दुसऱ्या वर्गाच्या ताईंना मुलांपाशी बसवून बाहेर आल्या, ऑफिसकडे वळल्या आणि त्यांनी तिथूनच ताईंना हाक मारली.

ताई निघाल्या, तशा मावशीही गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“त्यांनी मला बोलावलंय, मावशी.”

“ऐकलं मी,” मावशी म्हणाल्या, आणि ताईंच्या पुढे चालू लागल्या.