मनकर्णाबाईंचा आवाज मला धरता आला नाही

मित्रांनो, माझ्या अंगावर तुम्हाला कोणत्याही कंपनीचे नाव सापडणार नाही. मी दुकानातून आलेला रेडिओ नव्हे. अकोल्यात, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीत, त्याच कारखान्यात काम करणाऱ्या डोमाजी नावाच्या वायरमनने मला घरी जोडून तयार केले. ही गोष्ट एकोणीसशे साठ सालची. मी आता म्हातारा झालो, पण त्या वर्षीच्या एका संध्याकाळचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

माझी पेटी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची. काचेचे व्हॉल्व्ह, स्पीकर आणि बाकीचे सामान अब्दुल सत्तार यांनी दिले. बाजारात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि डोमाजींशी जुना दोस्ताना होता. प्रत्येक भाग त्यांनी आधी तपासला आणि मगच दिला. तारा जोडून त्यांवर कथिलाचे डाग देण्याचे काम मात्र डोमाजींनी कुणाला करू दिले नाही. "एकूण एक डाग माह्या हातचा हाये," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पहिल्यांदा माझ्यातून नागपूरच्या बातम्या निघाल्या, तेव्हा अंगणातली माणसे दचकून मागे सरकली. एका आजीने माझ्या पाठीमागे जाऊन पाहिले, तिथे कोणी लपले आहे का म्हणून. मला फार अभिमान वाटला.

पण तो टिकला नाही. महिन्याभरातच माझे काहीतरी बिघडले. कधी कळ फिरवली की मी अर्ध्या मिनिटात बोलू लागे. कधी आतला दिवा लागे, व्हॉल्व्ह तापत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. डोमाजींनी फ्यूज बदलला, लिंबावर बांधलेली एरियलची तार नवी घातली, व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवले. काही उपयोग झाला नाही. मग एकदा रागाने त्यांनी मला थापड मारली आणि मी बोलू लागलो. तेव्हापासून घरात तोच इलाज झाला. मी बोललो नाही की मला थापड बसे.

डोमाजींच्या पत्नी मनकर्णाबाई त्याच कारखान्यात मजुरीला होत्या. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी अक्षरे गिरवायला सुरुवात केली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचे नाव नागपूरला आकाशवाणीत कळवले. शिकल्यावर काय वाटले, हे त्यांनी महिलांच्या कार्यक्रमात दहा मिनिटे सांगावे, असे पत्र आले. बोलणे तिथून थेट प्रसारित होणार होते. एकदाच.

त्या बाईंबरोबर मनकर्णाबाई गाडीने नागपूरला गेल्या. काय बोलणार, हे त्यांनी घरी कुणालाच सांगितले नव्हते. जाताना डोमाजींना एवढेच म्हणाल्या, "तुमी घरीच राहा. तुमी आयकलं पायजे."

त्या संध्याकाळी अंगण भरून गेले. वेळेच्या आधीच डोमाजींनी कळ फिरवली. दिवा लागला. व्हॉल्व्ह लाल झाले. आणि मी मुका.

डोमाजींनी थापड मारली. पुन्हा मारली. मग दोन्ही हातांनी धरून मला गदागदा हलवले. मित्रांनो, मनकर्णाबाईंचा आवाज तेव्हा आमच्या टिनाच्या छपरावरून वाहत होता, लिंबावरच्या तारेला लागत होता, आणि मला तो धरता येत नव्हता. दहा मिनिटे गेली. बसायला आणलेली पोती उचलून माणसे एकेक करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डोमाजींनी मला काखेत मारले आणि सत्तारभाईंचे दुकान गाठले. मला त्यांच्या टेबलावर आदळून ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "खराब माल माह्या गळ्यात मारला तू. दोस्त समजत होतो तुले."

सत्तारभाईंचा चेहरा पांढरा पडला. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडले होते, ते तसेच राहिले. मी हादरून गेलो. वीस वर्षांची मैत्री एका वाक्याने तुटताना मी पाहत होतो, आणि खरे काय ते सांगायला मला जीभ नव्हती. डोमाजींनी मला पुन्हा काखेत मारले आणि घर गाठले.

दुपारी मनकर्णाबाई परतल्या. दारातच त्यांनी विचारले, "आयकू आलं काय?"

डोमाजींनी मान खाली घातली. मनकर्णाबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. त्या रडल्या नाहीत. उठून म्हणाल्या, "याले उघडा. मले पाहू द्या."

माझी पाठ उघडली गेली. मनकर्णाबाई रोज यंत्रापाशी उभ्या राहत. खडखड कुठून येते, हे त्यांना कानाने कळे. त्यांनी लाकडी चाटू घेतला, कळ फिरवायला सांगितली आणि त्याच्या कोरड्या दांड्याने माझ्या आत एकेका जोडावर हळूच टिचकी मारू लागल्या. मी गप्प. पाचवा जोड, सहावा जोड. मग कोपऱ्यातल्या एका व्हॉल्व्हच्या बुडाशी दांडा लागला आणि मी एकदम ओरडलो. दांडा काढला, मी गप्प.

तार वरून चिकटलेली दिसत होती, आतून सुटी होती. तो शेवटचा डाग. तो देताना कारखान्याचा भोंगा झाला होता आणि कथील नीट तापायच्या आधीच डोमाजी उठून गेले होते.

"हा कोणाच्या हातचा?" मनकर्णाबाईंनी विचारले.

डोमाजींनी वाकून तो जोड पाहिला. तो त्यांच्याच हातचा होता. व्हॉल्व्ह नाही, स्पीकर नाही. सत्तारभाईंनी दिलेले सगळे चांगले होते.

तसेच मला उचलून दोघे दुकानात गेले. गिऱ्हाइके होती, तरी डोमाजी थांबले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, "डाग माहाच कच्चा होता, सत्तारभाई. नाव मात्र म्या तुह्यं घेतलं." आणि त्यांनी हात जोडले.

सत्तारभाईंनी ते हात धरून खाली केले. मग ते मनकर्णाबाईंकडे वळले. "वयनी, काल म्या इथं आयकलं तुमाले. दुरुस्तीले आलेल्या एका सेटवर. सकाळी तेच सांगाले तुमच्या घरी येणार होतो."

डोमाजी दचकले. आपल्या बायकोचे बोलणे ऐकलेला एकच माणूस, आणि त्यालाच ते खोटा ठरवून गेले होते. त्यांनी विचारले, "काय बोल्ली ते?"

सत्तारभाईंनी मनकर्णाबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवल्यावर ते आठवून आठवून सांगू लागले. "वयनी बोलल्या, नऊ वर्षं मी एका यंत्रापाशी उभी राहिली. त्याच्यावर एक पाटी होती. मले वाटे, मालकाचं नाव असंन. वाचता आलं तवा पयल्यांदा तेच वाचलं. 'चालू यंत्रात हात घालू नये.' त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या चतुराबाईची चार बोटं त्यात गेली होती. तिलेबी वाचता येत नव्हतं."

डोमाजी भिंतीला टेकले. ते म्हणाले, "ते पाटी म्या ठोकली होती."

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् तुमाले वाचता येत होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

माझा तो डाग डोमाजींनी त्याच दिवशी सत्तारभाईंसमोर पुन्हा दिला, या वेळी घाई न करता. त्यानंतर मी कधी अडलो नाही. पण मला जास्त आठवते ते पुढचे. दुसऱ्या दिवसापासून भोंग्याच्या आधी डोमाजी त्या यंत्रापाशी उभे राहू लागले आणि कामावर येणाऱ्या प्रत्येक बाईला ती पाटी मोठ्याने वाचून दाखवू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी ती चतुराबाईंना वाचून दाखवली. त्या ऐकत उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मनकर्णाबाई घरी आल्यावर हे सांगत होत्या, तेव्हा मी कोनाड्यात गप्प होतो. मला कोणी सुरूच केले नव्हते.

मित्रांनो, एखादा गप्प झाला तर त्याला थापड मारू नका. कुठे काय सुटले आहे ते आधी शोधा, आणि शोध स्वतःच्या हातापासून सुरू करा. आणि तुम्हाला वाचता येत असेल, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही वाचून दाखवा. मोठ्याने. आजच.