दोन ते साडेचार

"लिहून घे वं पोरी, आठवलं मले!"

शेवंताबाईंनी माझी ओढणी धरली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मौन दोनला सुरू झालं होतं.

कुंडमच्या त्या वृद्धाश्रमात आम्ही जबलपूरहून अकरा जण आलो होतो, चर्चमधल्या युवक गटातले. चार दिवसांचं शिबिर. सकाळी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, चादरी धुवायच्या. दुपारी दोन ते साडेचार एकही शब्द न बोलता प्रार्थना. पहिले दोन दिवस मी मौन मोडलं होतं, एकदा तर साबण कुठे आहे हे विचारण्यासाठी. आज मोडायचं नाही, असं सकाळच्या मिस्सेत, चर्चच्या प्रार्थनेत, ठरवलं होतं.

"गुणवंताचं गाव. माह्या पोराचं. डोक्यातून पार गेलतं. कागद आण ना."

दोन वर्षांपूर्वी शेवंताबाई जबलपूरच्या स्टेशनवर सापडल्या होत्या. मराठीशिवाय त्यांना काही येत नव्हतं आणि आश्रमात मराठी कुणाला येत नव्हतं. माझंही घरापुरतंच, जबलपूरमधल्या आमच्या घमापूरच्या गल्लीत हिंदी मिसळून झालेलं. तरी तीन दिवस त्या माझ्याशीच बोलत होत्या.

मी ओठांवर बोट ठेवलं. मग घड्याळ दाखवून चार बोटं आणि वर अर्धं बोट.

"काहून? कोनी मारलं का तुले?"

मी हसून मान हलवली.

"अच्छा, तुमच्या येसूचा टाइम हाय. लय कडक दिसते वं तुमचा येसू." त्यांनी ओढणी सोडली. "मंग घोकत बसतो. इसरली त तुह्यावर हाय."

त्या भिंतीकडे वळल्या. त्यांचे ओठ हलत होते. मी व्हरांड्यात जाऊन डोळे मिटले. माझ्या खिशात पेन्सिल होती. ऐकायला आणि लिहायला तोंड उघडावं लागत नाही. हे मला, रसायनशास्त्रातल्या पदवीधर मुलीला, त्या अडीच तासांत एकदाही सुचलं नाही.

साडेचारला मी वही घेऊन धावत गेले. शेवंताबाई उजवीकडे कलंडल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं, त्यातून नुसता 'अ अ' असा आवाज येत होता.

डॉक्टर आले, लकवा म्हणाले. जबलपूरहून रुग्णवाहिका निघाली. पोहोचायला दीड-दोन तास. "कोई है इनका? अभी खबर कर दो," असं सांगून ते गेले.

"विनता, तुझे कुछ बताया था?" आश्रम चालवणाऱ्या सिस्टर अंजनींनी विचारलं.

"बता रही थीं, सिस्टर. मैं मौन में थी."

सिस्टर आश्रमाचं रजिस्टर उघडून पानं चाळू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी शेवंताबाईंचा डावा हात हातात घेतला. बोली विदर्भातली वाटायची, म्हणून तिथूनच सुरुवात केली. "हो असेल तर दाबा. नसेल तर दाबू नका. वर्धा जिल्हा?"

हात दाबला गेला. "पुलगाव?" दाबला. "पुलगावच ना? की हिंगणघाट?" पुन्हा दाबला.

मी थांबले. कोणत्याही चाचणीत एक प्रश्न असा लागतो, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं.

"तुमचं नाव शेवंता?" दाबला.

"तुमचं नाव भागीरथा?" दाबला.

"अरे बिटिया, भागीरथा तो मैं हूँ," शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

मी हात सोडवून घेतला आणि त्या तळव्यावर रुमाल ठेवला. बोटांनी रुमालही तसाच घट्ट धरला.

तळव्याला काही लागलं की मूठ मिटत होती, इतकंच. मला ते समजलं, आणि समजूनही मी रुमाल काढून माझा हात परत तिथे ठेवला. आर्वी. देवळी. धामणगाव. बडनेरा. आठवतील ती नावं मी मोठ्यानं म्हणत गेले. चेहऱ्याकडे बघत होते, पापणी हलते का. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, आणि प्रत्येक गावाला मूठ तशीच घट्ट होती. माझी गावं संपली. मग मी तीच पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

"बिटिया." भागीरथा उठून बसली होती. "कागज है ना तेरे पास? मेरा भी लिख ले. अभी याद है."

"काकी, थोडा रुक जाओ," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच गप्प झाले.

पलीकडच्या खाटेवरची बाई अंगावरचं पांघरूण सारून म्हणाली, "उसके बाद मेरा." कोपऱ्यातून आणखी कुणीतरी एका नदीचं नाव सांगायला लागलं, गावाचं नाव नाही, पण नदी आठवत होती.

माझा उजवा हात शेवंताबाईंच्या मुठीत होता. तो सोडवावासा वाटला नाही. वही गुडघ्यावर उघडली आणि पेन्सिल डाव्या हातात धरली. अक्षर फार वाकडं येत होतं.

"धीरे बोलो, काकी," मी म्हणाले. "गाँव का नाम?"