ठिपक्यांची वेल

राहनाळ गावात केसरीनाथ पाटलांच्या काकडीच्या वाडीला तिन्ही बाजूंनी गोदामांच्या भिंती आल्या होत्या. वारा अडला, दुपारनंतरचं ऊन गेलं, आणि दर हिवाळ्यात पानांवर भुरी चढू लागली. ही पिठासारखी पांढरी बुरशी आधी खालच्या पानांवर दिसायची, मग बघता बघता अख्खा मांडव पांढरा व्हायचा. थोरला मुलगा मनोज म्हणायचा, "बाबा, इथंपन गोदामच टाकू." केसरीनाथ गंधक फवारत राहत.

धाकटी करिष्मा झाडांच्या रोगांवरच शिकली होती आणि नाशिकला एका बियाणे कंपनीत नोकरी करत होती. ठरलेलं लग्न तिनं मोडलं, तेव्हापासून बाप लेकीशी धड बोलत नव्हता. घरची खबरबात तिला आक्काकडून कळे. आक्का म्हणजे केसरीनाथांची विधवा बहीण. वाडीतलं निम्मं काम तीच उरकायची.

डिसेंबरात करिष्मा सुट्टीवर आली आणि आक्काबरोबर वाडीत गेली. सगळ्या वेली पांढऱ्या पडत चालल्या होत्या, फक्त कोपऱ्यातली एक हिरवीगार होती.

"ही कुठली गं?"

"माझ्या सासरची, गणेशपुरीकडची. जुन्या पुडीत थोड्या बिया राहिल्या होत्या, त्यातली ही एकच रुजली. पन हिलापन कायतरी झालंय बघ. तांबूस ठिपके पडलेत."

करिष्मानं पान उन्हाकडे धरलं. टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके होते, पण भुरीचा कणही नव्हता. तिनं दुसरं पान बघितलं, तिसरं बघितलं, आणि ती हसायलाच लागली.

"आक्का, भुरी पानावर बसली की सालीतून आत बारीक सोंड घालते आणि जित्या पानाचा रस पीत राहते. पान मेलं तर तिचंच खाणं संपतं. म्हणून या वेलीनं काय केलं, जिथं सोंड घुसली तेवढाच कण आपणहून मारून टाकला. भुरी उपाशी मेली."

"म्हंजे हे ठिपके रोगाचे न्हाईत?"

"रोग अडवल्याचे हाईत." वेलीला एकच काकडी धरली होती. "ही तोडू नको. पिवळी होईपर्यंत वेलीवरच राहू दे. मी बिया न्यायला येते."

"बाबाला सांग की."

"तूच सांग. माझं काय त्याला पटतंय?"

सुट्टी संपली त्या दिवशी बाप ओटीवर बसला होता. त्याच्यासमोरून बॅग घेऊन ती निघून गेली.

आक्कानं सांगायचं आज-उद्यावर टाकलं. भावाचा राग तिला ठाऊक होता. जानेवारीत एका सकाळी केसरीनाथ रोगट पानं खुडून बांधावर जाळत होते. खुडत खुडत ते कोपऱ्यात पोचले आणि थबकले.

"हा कसला नवा रोग? ही कशाला ठेवलीस?"

"तिला हात लावू नको," आक्का लांबूनच ओरडली. "करिष्मानं सांगितलंय."

तिथंच बिघडलं. "माझ्या वाडीत काय ठेवायचं ते ती ठरवनार? आनि मला सांगायला तिला तोंड न्हाय?"

आक्का धावत आली, ठिपक्यांचं सांगू लागली, पण तोवर त्यांनी बुडख्याला धरून वेल उपटली होती. ती तशीच जाळात गेली. आक्कानं काठीनं काकडी बाहेर ओढली. चिरून बघितली तर आतल्या बिया कोवळ्या होत्या, पांढऱ्या, पाणीदार. रुजण्यासारखी एकही नव्हती.

करिष्मा रविवारी आली. तिनं राख पाहिली. आक्कानं सासरी फोन करून बियांचं विचारलं. तिकडे ती काकडी आता कुणीच लावत नव्हतं. संध्याकाळी केसरीनाथ करिष्मासमोर येऊन उभे राहिले.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

"विचारून तरी बघायचंस," ते म्हणाले.

आपलंही चुकलं, हे कबूल करणं तिला जमलं नाही. ती रात्रीच्या गाडीनं परत गेली.

उरलेला मांडव महिनाभरात वाळून गेला. त्यानंतर केसरीनाथांनी मनोजला नाही म्हटलं नाही. मे महिन्यात वाडीत मुरूम पडला, पावसाळ्याआधी गोदामाचे खांब उभे राहिले.

करिष्मा आताही आक्काला फोन करते. एकदा आक्कानं फोन तसाच भावाच्या हातात दिला. "बोल तिच्याशी."

"जेवलीस?" केसरीनाथांनी विचारलं.

"हो."

मग त्यांनी फोन आक्काला परत दिला.