जदआन काकांची जीप

काकांची जीप माझ्या गॅरेजात आली ती पाण्याच्या टँकरला दोरखंडाने बांधून, मान खाली घालून. बॉनेट उघडून ऑइलची कांडी ओढली, तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालेलं. इंजिन उकळून उकळून पार वाट लागली होती. तापमानाचा काटा चढताना बघून गाडी वेळेत थांबवली असती, तर एका होजपाइपावर भागलं असतं.

“काका, काटा लाल रेघेपलीकडे गेला तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“गाडी चालवत होतो. तू काय करतोस गाडीत बसून? काट्याकडे बघत बसतोस?”

म्हातारा असाच. तोंडाने फटकळ, आणि चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येतं. मी बॉनेट खाली पाडलं. माझा बाप मी लहान असतानाच गेला, मला वाढवलं ते या जदआन काकांनी आणि तुर्फा काकूने. स्टिअरिंग हातात धरायला शिकलो ते याच जीपवर, आणि पहिला नट चुकीचा आवळून काकांची चपराक खाल्ली तीही हिच्याच खाली पडून.

गाडी म्हणाल तर तिचं काही उरलेलं नव्हतं. सहा लाख किलोमीटरनंतर आकडे फिरायचे थांबले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चासी दोनदा वेल्डिंग केलेली. गिअरबॉक्स रडतो. मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरून लाथ घालावी लागते. शहाणा माणूस म्हणेल, भंगारात घाल आणि मोकळा हो. पण तफिल्याच्या या डोंगरातून खाली वादी अरबाच्या खोऱ्यात, शेळ्यांच्या हिवाळी तळावर पाणी घेऊन उतरायचं, तर अशीच गाडी लागते. आमच्यातल्या निम्म्या नवऱ्या हिच्यातून सासरी गेल्या. माझी आईही हिच्याच मागच्या सीटवर गेली, हॉस्पिटल दिसायला लागलं होतं तेव्हा.

“पुन्हा उभी कर हिला,” काका म्हणाले. “ईदच्या आत.”

झरकाच्या बाजारात जुनी इंजिनं मिळतात. बसेल तसलं इंजिन आणून टाकायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. परवडत नव्हतं, पण काकांना नाही कसं म्हणणार?

शुक्रवारी नमाजानंतर तुर्फा काकू घरी आली. एकटीच आली, याचंच मला नवल वाटलं. माझ्या बायकोने कॉफी ओतून दिली. काकूने कप हातात घेतला, आणि न पिता समोर सतरंजीवर ठेवून दिला.

कप खाली ठेवायचा म्हणजे मागणं घेऊन आलोय, शब्द दिल्याशिवाय घोट घेणार नाही. ही पुरुषांची रीत. मुलगी मागायला येतात, खुनाचा समझोता करायला येतात, तेव्हा थोरली माणसं असा कप ठेवतात. बायका ठेवत नाहीत. आणि जिने मला भरवलं ती माझ्यासमोर कप ठेवून बसलेली. ऐकून घ्यायचं असतं आधी, मग बोलायचं असतं. मी गाढव. मला ते बघवलंच नाही.

“पी ग काकू,” मी म्हणालो. “काय असेल ते झालं समज.”

काकूने कप उचलला, एका घोटात संपवला आणि म्हणाली, “ती जीप दुरुस्त करायची नाही. ती गेली, काही उपाय नाही, असं सांग त्याला. मी आले होते हे सांगायचं नाही.”

“अग पण का?”

“त्याला दिसत नाही, हायेल.”

मी हसलोच. परवाच त्यांनी समोरच्या डोंगरावरची शेळी कुणाची ते ओळखली होती.

“समोरचं दिसतं. बाजूचं नाही दिसत. शेजारी पाण्याचा पेला ठेवला तर चाचपडतो. आपलीच गाभण शेळी चाकाखाली घातली, आणि म्हणाला, आडवी आली. ती उभी होती रे, रस्त्याच्या कडेला उभी होती. झग्याच्या खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली मला. घरी सांगून गेला होता, दात दाखवायला जातो.”

तेव्हा मला एकेक कळायला लागलं. काका वर्षभर सगळ्या गावाला सांगत होते की म्हातारी हल्ली गाडीत बसली की तोंड मिटत नाही, कान किटले. मी काकूला तसं म्हणालो.

“मग काय करू? ‘अगबाई, फ्रेहने कुंपण किती पुढे घेतलंय उजवीकडे.’ ‘ती बघ डावीकडे पोरं खेळतायत, कुणाची असतील?’ असं बडबडत त्याला खालपर्यंत नेते नि वर आणते. त्याला वाटतं, बायको वेडी झालीय. वाटू दे. पण तो काटा मला वाचता येत नाही. आणि गाडी बंद पडायच्या आधी एकदा पोर आडवं आलं. मी ओरडले म्हणून वाचलं.”

“मग सरळ सांग ना त्यांना.”

“काय सांगू? गाडी म्हातारी झाली तर तो चार दिवस शिव्या देईल नि गप्प बसेल. तू म्हातारा झालास, असं तोंडावर सांगितलं तर अंथरूण धरेल. त्याच्या थोरल्या भावाने तसंच अंथरूण धरलेलं मी बघितलंय.”

शब्द देऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, इंजिनच्या ब्लॉकला तडा गेलाय, हिचं आता काही होत नाही. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं शिव्या घालतील. “बरं,” एवढंच म्हणाले आणि चालत घरी गेले. त्यांच्या पाठीकडे बघून मला स्वतःचीच लाज वाटली.

संपलं असं मी धरून चाललो होतो. पण जदआन काका गप्प बसणाऱ्यातले नव्हतेच कधी. पुढच्या शुक्रवारी कुंपणवाल्या फ्रेहची पिकअप दारात थांबली. फ्रेह उतरला, त्याच्यामागून गावातले थोरले हाजी मिनवर उतरले, आणि काका उतरले सणाचा काळा झगा घालून. माझ्या घरी, मी ज्यांच्या घरात वाढलो ते, रीतसर पाहुणे होऊन आले. आत येऊन बसले. मी स्वतः कॉफी ओतली. तिघांनीही कप खाली ठेवले.

“हायेल,” काका म्हणाले, “मआनच्या मेकॅनिकला विचारून आलोय मी. ब्लॉकला तडा गेला तर सबंध इंजिन बदलतात म्हणे. तुला हे माहीत नाही असं होणार नाही. तुला कंटाळा आलाय, किंवा तुला वाटतंय म्हाताऱ्याची गाडी, कशाला हात काळे करा. मी तुझ्याकडे मुलगी मागायला येतात तसा आलोय. इंजिन आणून बसव. एवढंच.”

हाजी मिनवर हसले. “दे बाबा शब्द. गाडीसाठी कप ठेवलेला माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. कॉफी गार होतेय.”

हो म्हटलं, तर काकूला दिलेला शब्द मोडला, आणि उद्या त्या उतारावर कुणाचं पोर मेलं तर ते माझ्या माथी. नाही म्हटलं, तर कारण द्यावं लागणार, तेही या दोघांसमोर. मी खाली बघत बसलो. फ्रेहने घसा खाकरला. हाजींचं हसू विरलं. आत माझी बायको भांडी हलवत होती, तीही थांबली.

“हायेल,” काका म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. “बाळा, मी कप ठेवलाय.”

“माफ करा काका.”

यापेक्षा एखाद्याने थोबाडीत मारलेली बरी. पाहुण्याचा कप तसाच राहिला की त्या घरी तो परत पाऊल ठेवत नाही. काका उठले. झगा सावरला, मान ताठ केली, आणि वळून दाराकडे निघाले. डाव्या बाजूला हाजींचा आणि फ्रेहचा कप होता. काकांचा पाय सरळ त्या कपांवर पडला. एक फुटला, कॉफी झग्याच्या काठावर आणि हाजींच्या मांडीवर उडाली. काका थबकले. काय झालं ते बघायला त्यांना सबंध अंग वळवावं लागलं, आणि तरी ते वाकून हाताने जमीन चाचपत राहिले.

हाजी मिनवरांनी आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “त्याचा हात धर, हायेल,” ते हळूच म्हणाले.

काकांनी माझा हात झिडकारला आणि भिंतीला धरून अंगणात गेले. मी मागोमाग गेलो. बाकीचे दोघे मुद्दाम आतच रेंगाळले. पिकअप उजव्या हाताला, भिंतीला लागून उभी होती. काका समोर रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

“तू कधी ओळखलंस?” त्यांनी विचारलं.

“काटा,” मी खोटं बोललो. “काटा तुम्हाला दिसला नाही, तेव्हाच.”

“हं.” मग म्हणाले, “मोडीत काढ तिला. तू खोलू नकोस. दुसऱ्या कुणाला तरी दे.”

“बरं.”

मग त्यांनी माझी बाही धरली. ज्या घरची कॉफी न पिता बाहेर पडले, त्याच घरच्या माणसाची बाही धरून माझ्यासोबत पिकअपपर्यंत आले. दार उघडून मी त्यांना बसवलं. झग्याच्या ओल्या काठावरून ते हात फिरवत होते.

“तुर्फाला यातलं काही कळू देऊ नकोस,” ते म्हणाले. “घाबरेल ती. तिला वाटतं मला सगळं दिसतं. गाडीत बसली की कशी निवांत गप्पा मारत असते.”

मी हो म्हणालो.