लोंबकळतं वजन

महालिंगच्या मांडीचं हाड उसाच्या ट्रॉलीखाली मोडलं, त्याला आज नववा दिवस. गुडघ्याखालच्या हाडातून आरपार सळई, सळईला दोरी, दोरी पलंगाच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली आणि टोकाला सात किलोचं लोखंडी वजन. हाडाची मोडलेली टोकं एकमेकांवर चढलीत, ती ओढून सरळ झाल्याशिवाय ऑपरेशन करून रॉड घालता येत नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, दानम्माला, समजावलं होतं. तिला सगळं कळलं नाही, पण वजन लोंबकळत राहिलं पाहिजे, एवढी खूणगाठ तिनं बांधली.

नऊ दिवसांत तिची पाठ धड जमिनीला टेकली नव्हती. वर नवऱ्याची कुरकुर. "तुझ्या हाताला गुणच न्हाय. अव्वा बसली की दुखायचं थांबतंय बघ."

अव्वा म्हणजे त्याची आई, बनाबाई. दुपारी दानम्मा शाहूपुरीत नणंदेकडं अंघोळ, धुणं उरकून डबा आणायला जाई, तेवढा वेळ अव्वा बसायची. परत येऊन बघावं तर लेक गाढ झोपलेला. दानम्मा बसली की तासाभरात कण्हणं सुरू. तिला सासूचा चक्क हेवा वाटायचा. चौदा वर्षं संसार केला आणि आता बायकोचा हात टोचायला लागला!

त्या दिवशी डॉक्टरांनी टेपनं दोन्ही पाय मोजले. मोडलेला पाय दीड इंच आखूड.

"उद्याचं ऑपरेशन रद्द. सोमवारी परत मोजू. असंच राहिलं तर जन्मभर लंगडावं लागेल. वजन कुणी उचलत नाही ना?"

"देवाशपथ न्हाय," दानम्मा छातीठोकपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या नळाला पाणीच नव्हतं, म्हणून ती लवकर परतली. महालिंग घोरत होता. आणि वजन लोंबकळत नव्हतं. खाली स्टूल सरकवून, त्यावर लुगड्याची घडी घालून अव्वानं ते तान्ह्या पोरासारखं अलगद निजवलं होतं.

दानम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तिनं दोन्ही हातांनी वजन धरलं, पायानं स्टूल ढकललं आणि हळूहळू भार सोडला. महालिंग कळवळून जागा झाला. ती अव्वाला दंडाला धरून व्हरांड्यात घेऊन गेली.

"काय केलासा हे, अव्वा? पाय जाईल की त्यांचा!"

"पोरगं तळमळतंय ग. घटकाभर झोपू दे, तू यायच्या आत सोडती परत, म्हणून रोज..."

रोज! दानम्माला रडावं की ओरडावं कळेना. "आजच्या एस्टीनं गावाकडं जावा तुमी," ती म्हणाली. सासूला असं ती आयुष्यात बोलली नव्हती.

अव्वानं पदर तोंडाला लावला. "त्याला सांगू नगंस, पोरी."

"न्हाय सांगत," दानम्मा म्हणाली.

त्यानंतर ती पलंगापासून हलली नाही. डबा नणंद आणून द्यायची. "अव्वाला हाकललीस व्हय?" महालिंग दात खाऊन विचारी. मग विनवणी करी, "दोन मिनटं उचल ग." ती न्हाय म्हणायची. शेजारच्या खाटेवरचे लोकही तिला दगडाच्या काळजाची म्हणायला लागले. तिला ते ऐकू येई. बसल्याबसल्या डुलकी लागायची, दचकून जाग आली की पहिली नजर वजनावर.

सोमवारी डॉक्टरांनी टेप लावली. एकदा, मग परत एकदा. "झकास! दोन्ही पाय सारखे. उद्या ऑपरेशन."

महालिंगचे डोळे भरून आले. "अव्वाला बोलीव," तो बायकोला म्हणाला. "ती असती तर हे कवाच झालं असतं."

दानम्माच्या अगदी जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"बोलावते," ती म्हणाली.

दवाखान्याबाहेरच्या बूथवरून तिनं गावातल्या दुकानात फोन लावला. अव्वाला बोलावून आणेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली.

"उद्या ऑपरेशन हाय. या."

"पाय?"

"सारखा झाला."

पलीकडं अव्वा रडायला लागली. "माझं नाव काढतोय का ग अजून?"

"व्हय, अव्वा. तुमचंच काढत्यात."

तिनं फोन ठेवला, बूथच्या पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.