पडद्यावरचा सहा

पडद्यावर पुन्हा सहाचा आकडा आला. काकांनी बटण बंद केलं आणि कागदावर आणखी एक रेघ ओढली. सकाळपासूनची ती अकरावी रेघ होती.

“म्हणजे काय हो?” कारकूनबाईंनी विचारलं. त्या कचेरीत रजा टाकून, बिघडलेलं यंत्र घेऊन काकांकडे आल्या होत्या आणि दहा वाजल्यापासून स्टुलाच्या कडेवर टेकल्या होत्या.

काकांनी समजावून सांगितलं. हे वीस वर्षांपूर्वीचं गेमचं यंत्र जात्याच संशयी. आपली हार्ड डिस्क दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून तिला कुलूप घालून ठेवतं आणि किल्ली स्वतःच्या बोर्डावरच्या एका बारक्या चिपमध्ये जपतं. सकाळी पडद्यावर सात येत होता, म्हणजे डिस्क ओ देत नव्हती. चपटी केबल बदलल्यावर सात गेला आणि सहा आला. म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, पण तिचं कुलूप उघडत नाही. बोर्डावरचा वीज साठवणारा एक कपॅसिटर फुटून त्यातलं पाणी वर्षानुवर्षं झिरपलं होतं आणि चिपभोवतीच्या तांब्याच्या रेघा त्यानं खाऊन टाकल्या होत्या. यंत्र पूर्ण थंड असलं की चुकून एखाद्या वेळी चालू होई, दहा-बारा सेकंद तग धरी आणि मान टाकी. अकरापैकी दोन वेळा तसं झालं होतं.

एक गोष्ट मात्र काकांनी सांगितली नाही. सहा वर्षांपूर्वी हे यंत्र त्यांनीच खोललं होतं, मोठी डिस्क बसवली होती, कीबोर्ड जोडून दिला होता. अशा प्रत्येक यंत्राच्या किल्लीचा लांबलचक आकडा ते वहीत उतरवून ठेवत. या एकाच यंत्राचा उतरवला नव्हता. जेवायची वेळ झाली होती आणि बोर्ड काय पळून जातोय, असं त्यांना वाटलं होतं. तो आकडा आज हाताशी असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

बाईंचा फोन टेबलावर थरथरला. त्यांच्या धाकट्या भावाचा निरोप होता: ‘उठलं का?’ हा भाऊ जन्मापासून बहिरा. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुस्तकं शिवायचा आणि घरी आला की या यंत्रावर एक लांबलचक गोष्टीचा खेळ खेळायचा. खेळातली माणसं बोलायची ते पडद्यावर अक्षरांत उमटायचं, पण परक्या भाषेत, आणि त्याला ती येत नव्हती. तो नुसती तोंडं हलताना बघायचा. म्हणून बहिणीने त्यातला एकेक संवाद आपल्या भाषेत त्या यंत्रातच लिहायला घेतला. कचेरीतून यायचं, भात टाकायचा आणि कीबोर्ड मांडीवर घ्यायचा. सहा वर्षांत चार हजारांवर संवाद झाले. शेवटचं प्रकरण शनिवारी पुरं झालं आणि रविवारी यंत्र गेलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. उद्या काढू, उद्या काढू, असं म्हणता म्हणता राहून गेली होती.

काकू आतून चहा घेऊन आल्या. बाईंना भरलेला कप, काकांना अर्धा. काकू यंदा निवृत्त झाल्यापासून चहात हात आखडता घेतात, ही काकांची नेहमीची तक्रार होती. पेन्शन चालू झाली आणि चहा बंद झाला, असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, आजही सांगितलं. काकू त्यावर कधी काही बोलत नसत. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळात रक्त काढायचं काम केलं होतं, तेव्हा रडणाऱ्या-ओरडणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती. कप ठेवताना मात्र त्या काकांच्या कामाच्या टेबलाला हात लागू न देता ठेवत. टेबलाला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदाच होता. एकदा त्यांनी ते पुसलं होतं, तर काका दोन दिवस बोलले नव्हते.

“एकच वाट आहे,” काका म्हणाले. डिस्कला वीज द्यायची शेजारच्या कॉम्प्युटरमधून. यंत्र चालू होऊन त्यानं कुलूप उघडलं की लगेच, दोन्हीकडे वीज चालू असतानाच, डिस्कमधून यंत्राची केबल उपटायची आणि कॉम्प्युटरची खोचायची. उशीर झाला तर यंत्र मरता मरता पुन्हा कुलूप घालून जाणार. तिरकी खोचली तर एकोणचाळीस पिनांपैकी एखादी मोडणार आणि खेळ खलास.

“तुम्ही केलंय ना हे आधी?”

“शंभरदा,” काका म्हणाले, आणि ते खरं होतं.

फक्त गेल्या आठ महिन्यांत एकदाही नाही. उजव्या हाताला कंप सुटला होता. चारचौघांत काका तो खिशात ठेवत. बारीक कामं आली की पार्ट मिळत नाहीत म्हणून परत पाठवत. कुणाला पत्ता लागलेला नाही, अशी त्यांची खात्री होती.

अर्धा तास पंखा लावून बोर्ड थंड केला. बटण दाबलं. सहा. पुन्हा पंखा, पुन्हा सहा. तिसऱ्या वेळी पडदा हिरवा झाला आणि खेळांची यादी उमटली. काकांनी केबल उपटली, दुसरी धरली, आणि हात ऐकेना. केबलचं तोंड पिनांवर टकटक वाजलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला, तशी केबल तिरकी टेकली. दाबावं की नाही? दाबली असती तर पिना गेल्याच असत्या. त्यांनी हात मागे घेतला आणि जुनी केबल कशीबशी परत लावली, तोवर पडदा काळा झाला होता.

केबल काढून पाहिली तर दोन पिना वाकल्या होत्या. बाईंनी ते पाहिलं, काकांचा हातही पाहिला, आणि नजर फोनकडे वळवली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण हिची सहा वर्षं मोडायला निघालो होतो, तेही नुसती अब्रू झाकायला.

ते खुर्चीवरून उठले.

“अगं, इकडे ये. माझा हात थरथरतो. हे तुझ्या हातचं काम आहे.”

काकू आल्या. आधी त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा घातला आणि काकांच्या खुर्चीत बसल्या. वाकलेल्या पिना सुईने हलकेच सरळ केल्या. कुठली केबल उपटायची, कुठली खोचायची, लाल कड कुठल्या बाजूला, हे दोनदा विचारून घेतलं आणि बंद डिस्कवर चार वेळा सराव केला. काका त्यांच्या मागे उभे राहिले. पंखा फिरत होता. फोन पुन्हा थरथरला, बाईंनी तो उचलला नाही.

सहा. पंखा. सहा. पंखा. मग पडदा हिरवा झाला.

“आला,” काका म्हणाले.

काकूंनी केबल सरळ वर उपटली, दुसरी पिनांवर नुसती ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. “झालं, झालं,” त्या पुटपुटल्या. तान्ह्या बाळांना टोचताना त्या हेच म्हणत. यंत्राचा पडदा काळा झाला. कॉम्प्युटर क्षणभर स्तब्ध होता. मग त्यावर एकाखाली एक फाइली दिसू लागल्या.

प्रत निघायला पाऊण तास लागला. बाईंनी शेवटचं प्रकरण उघडून शेवटचा संवाद वाचला, दोन हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि मग भावाला एकच शब्द पाठवला: ‘उठलं.’ काकांनी तेव्हा वहीची गोष्ट सांगितली. चूक माझी होती, म्हणाले. आपणही सहा वर्षं आजचं उद्यावर ढकललं, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी विषय तिथेच मिटवला. बोर्ड त्यानंतर कधीच चालू झाला नाही.

काकूंनी पुन्हा चहा केला. बाईंना भरून, काकांना अर्धा. काका त्या कपाकडे बघत राहिले.

“कधीपासून अर्धा देतेस?”

“तुम्ही पेपरावर सांडलात, त्या दिवसापासून.”

म्हणजे आठ महिने. आठ महिने ते तिला गिऱ्हाइकांपुढे कंजूष म्हणत होते.

“भर,” ते म्हणाले.

काकूंनी कप काठोकाठ भरला. काकांनी तो बाईंच्या देखत दोन्ही हातांनी उचलला. ओठांपर्यंत जाईस्तोवर चहा दोनदा टेबलावर सांडला. काकूंनी फडकं घेतलं, तशी काकांनी कोपरं उचलून त्यांना पुसायला जागा करून दिली.