लिंगपूजेआधीची गोळी

दवाखान्यात म्या समद्यांचा लाडका व्हतो, भेटायचा टाइम सोडून. दिवस कलला की दुसऱ्यांच्या खाटांभोवती डबे उघडायचे, लेकरं रडायची, आन् म्या तोंडावर उपरणं घेऊन झोपेचं सोंग करायचो.

म्या मलप्पा, उदगीरचा. बाजारोबाजार बांगड्या विकायचो, बायांना हसवायचो. बायको गेली. लेकरू झालंच न्हाई. दुष्काळानं बाजार उठले, हसणारी माणसं जगायला पुण्याकडं गेली. मग माझ्या पोटात आग पडायला लागली. लातूर नवा जिल्हा झालेला, म्हणून इथं आलो. पाटी नवी, खाटा नव्या, नळ तेवढा कोरडा. टँकर यायचा दुपारी.

पंचशीला सिस्टर पहाटं गोळी घेऊन यायची. "मलप्पामामा, आधी गोळी, मग थोड्या वेळानं चहा. चावू नका, गिळा. आंग दुखलं तरी दुकानातली पुडी खायची न्हाई. आन् परसाकडला काळं झालं तर लाजू नका, लगेच सांगा."

"आमचं समदंच काळं हाय, सिस्टरबाई. तोंडाकडं बघा की!"

वार्ड खिदळायचा, तीबी हसायची. तेवढ्यात गोळी माझ्या बोटांत गडप. म्या नुसता गळा हलवायचो. बाजारात असंच नाणं गायब करून पोरं खिळवायचो.

खरं असं, की आमच्या लिंगायतांत आंघोळ करून लिंगपूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घेत न्हाईत. गळ्यातलं लिंग कोरडं ठेवून गोळी कशी गिळू? पण मसखऱ्याला देव हाय, हे वार्डाला सांगायची मला लाज वाटायची. गोळी कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत टाकायचो. टँकर आला की आंघोळ, पूजा. तोवर भुकेनं डोळे फिरायचे, मग आधी भाकर. गोळी मागनं, न्हाईतर राहूनच जायची.

एक दिवस डॉक्टर खाटेशी थांबले. "इतके दिवस औषध चालूय, तरी जळजळ तशीच. पोट उघडून बघावं लागंल. सोलापूरला पाठवतो. सहीला जवळचं माणूस लागंल. कोण हाय?"

"लई हायेत, साहेब. कुणाला मान द्यावा तेच ठरंना."

कुणी हसलं न्हाई. शेजारच्या खाटेवरचा सटवाजी म्हणला, "बोलव की गड्या एकाला."

दुसऱ्या दिवशी गोळी बोटांतून निसटून फरशीवर पडली. वाकून उचलायला गेलो तर चंची सुटली आन् आणखी दोन घरंगळल्या. पंचशीलानं तिन्ही उचलल्या. वरडली न्हाई. खाटेच्या कडेला बसली आन् हळूच म्हणली, "का वो मामा?"

सांगितलं.

"तांब्याभर पाणी पुरंल?"

"आंग पुसायला, लिंगाला... पुरंल."

दुसऱ्या पहाटं तिनं पितळी तांब्या आणला. "आमच्या घरचं हाय. चालंल का?" हे बोलताना ती खिडकीकडं बघत व्हती. असं का इचारावं लागतं, ते आमच्या गावात लेकरालाबी कळतं.

"बाई, दुष्काळात घरचं पाणी दिलं. म्या कोण न्हाई म्हणणारा?"

ओल्या फडक्यानं आंग पुसलं, भस्म लावलं, डाव्या तळहातावर लिंग घेऊन धार सोडली. ती तोवर वार्डाकडं तोंड करून मला आडोसा देत उभी राहिली. मग वळली. "गिळा. आता तोंड उघडा. जीभ वर करा."

म्या उघडलं. एखादी कोटी सुचंल वाटलं. न्हाई सुचली.

डॉक्टरला तिनं माझ्यादेखत समदं सांगितलं. त्यांनी मला चांगलंच झापलं, पण सोलापूर थांबवलं. रोज तांब्या येत गेला आन् आग इझत गेली. सहीचं कुणी इचारलं न्हाई.

सुट्टी मिळाली त्या दिवशी पंचशीलानं गोळ्यांची पुडी हातात दिली. "घ्यायला कोण येतंय, मामा?"

"एस्टी."

ती हसली न्हाई. "घरी पूजा पहाटंच उरका. गोळी जेवायच्या आधी."

"हाव," म्हणलं.

उदगीरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. गाडी रिकामीच व्हती.